माळ गळ्यात, प्रश्न ताटात

"आता या वयात कसला विचार करतेस?" असं माझी थोरली बहीण म्हणते. तिचं म्हणणं मला कळतं. आमचं माहेर पंढरपूर तालुक्यातलं, पिढ्यान्‌पिढ्या माळकरी. त्या घरातल्या बाईने पन्नाशी उलटल्यावर शाकाहारी राहावं की नाही याचा खल करत बसावं, हेच तिला विपरीत वाटतं. पण प्रश्न पडला हे खरं. रक्ताच्या एका रिपोर्टने तो आणला, जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथे मुलांना अंडी वाटताना तो वाढला, आणि माझ्या लेकीने तो मला टाळू दिला नाही. या काळात जे उमगलं ते मांडते. ज्यांच्या घरात हाच वाद चालू आहे त्यांच्या काही कामी यावं.

१. न खाणं वेगळं, न खायचं ठरवणं वेगळं

माळ घातली तेव्हा मी तिसरी-चौथीत असेन. महाराजांनी नेम सांगितले: मांस-मद्य वर्ज्य, एकादशी करायची, हरिपाठ म्हणायचा, वारी चुकवायची नाही. घरातल्या वडीलधाऱ्या आबांचा हात पाठीवर होता, कपाळाला बुक्का लावलेला होता. मी मान डोलावली. त्या वयातलं मूल दुसरं काय करणार?

तेव्हापासून मांस तोंडात गेलेलं नाही. पण ते न खाण्यासाठी मला कधी काही करावंही लागलं नाही. घरात शिजत नव्हतं, शेजारी शिजत नव्हतं, मैत्रिणींच्या डब्यात नव्हतं. जिचा मोह कधी झालाच नाही ती गोष्ट सोडल्याचं श्रेय कसं घ्यायचं? लग्न होऊन सांगोल्याकडे आले तेव्हा पहिल्यांदा 'खाणारं' घर पाहिलं. मटण अंगणातल्या चुलीवर शिजायचं, त्याची पातेली वेगळी, ती घरातल्या भांड्यांत मिसळायची नाहीत. जत्रेत पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी खारा नैवेद्य. भाकरी मी थापायची, रस्सा जाऊबाई वाढायच्या. सासूबाईंनी मला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "तू खाऊ नगंस, पर ताटावर बसल्याल्या माणसाम्होरं नाक मुरडायचं न्हाई." हा नियम मी आजवर पाळला आहे आणि तो मला माळेच्या नेमांइतकाच मोलाचा वाटतो.

२. तब्येतीचा प्रश्न तब्येतीपुरता ठेवावा

पायांना मुंग्या यायच्या. मग बोटं बधिर व्हायला लागली. फळ्यावर लिहिताना खडू धरलाय की सुटलाय, ते बघावं लागायचं. जीभ लाल होऊन चुरचुरायची. हिमोग्लोबिन चांगलं होतं म्हणून मी निर्धास्त होते. डॉक्टरांनी ब-१२ तपासायला सांगितलं आणि ते किमान पातळीच्या निम्म्यावर निघालं. "ताई," ते म्हणाले, "अंडी-मासे सुरू करा, नाहीतर गोळी कायमची."

यातली एक गोष्ट प्रत्येक शाकाहारी घराला माहीत असायला हवी. ब-१२ हे जीवनसत्त्व कुठलंच झाड तयार करत नाही. ते जिवाणू तयार करतात आणि प्राण्यांच्या शरीरात साठतं, म्हणून ते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळतं. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं फक्त दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम. पेलाभर दुधातून त्यातलं एकाच्या आसपास मिळतं. पण आपल्याकडच्या किती बायका पेलाभर दूध पितात? दूध मुलांना, दही नवऱ्याच्या ताटात, आपल्या वाट्याला चहातलं दोन चमचे. दुसरी गोष्ट, पालेभाज्या आणि डाळी खाणाऱ्यांना फोलेट भरपूर मिळतं. त्यामुळे रक्त ठीक दिसू शकतं आणि आत नसांची झीज चालूच राहते. माझं नेमकं तेच झालं होतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. त्या गरोदर बायकांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींत ब-१२ कमी होतं. ज्या आयांत ब-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांच्या शरीरात पुढे इन्सुलिन नीट काम करत नाही असं त्यांना दिसलं. म्हणजे हा प्रश्न एका बाईच्या मुंग्यांपुरता नाही. तो पोटातल्या बाळापर्यंत जातो.

मग मांसाहार करायलाच हवा का? इथे मी बरेच दिवस अडकले होते. घरातल्या खाणाऱ्यांना वाटलं, आता हिला कारण मिळालं. माहेरच्यांना वाटलं, डॉक्टर धर्म बुडवतो. दोघांनाही सांगावं लागलं की ब-१२ची गोळी जिवाणूंच्या किण्वनातून बनते, तिच्यात मांस नसतं. आधी इंजेक्शनं घेतली, मग गोळ्या, आणि मुंग्या हळूहळू गेल्या. पन्नाशीनंतर अन्नातलं ब-१२ शोषून घेण्याची ताकदच अनेकांत कमी होते. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते आणखी घटतं. त्यामुळे खाणाऱ्यांनीही तपासून घ्यावं. तब्येतीने मला मांसाहाराकडे ढकललं नाही. शाकाहाराला खर्च आहे आणि तो नियमाने भरायचा असतो, एवढं तिने सांगितलं. ज्याला तो भरायचा नसेल त्याने शाकाहार हा सगळ्यात निरोगी आहार असल्याचं दुसऱ्याला पटवू नये.

३. आमटीतली डाळ मोजावी

वजनाच्या दर किलोमागे रोज पाऊण-एक ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम धरा. शंभर ग्रॅम तूरडाळीत बावीस ग्रॅम असतात, पण आमच्याकडच्या पातळ आमटीच्या वाटीत मूठभरही डाळ नसते. मी डाळ घट्ट केली, मटकी-हुलगे वाढवले, शेंगदाण्याची चटणी चिमटीने घ्यायची ती चमच्याने घेऊ लागले. भाकरीबरोबर डाळ खाल्ली की एकीतली उणीव दुसरी भरून काढते. जेवण झाल्या झाल्या चहा बंद केला, कारण त्याने धान्य-भाजीतलं लोह अंगी लागत नाही, लिंबाने लागतं. एवढं केलं की ताकदीसाठी मटणच हवं हा मुद्दा उरत नाही.

४. जनावर जवळून पाहिल्याशिवाय मत बनवू नये

सासरचं रान माण नदीच्या पट्ट्यातलं, कोरडवाहू. ज्वारी पावसावर, आणि पाऊस येईल त्या वर्षी. ते घर शेळ्यांनी तगवलं. काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्या, बाभळीच्या शेंगांवर आणि बांधाच्या झाडपाल्यावर जगणाऱ्या, बहुतेक वेळा एका वेताला दोन करडं देणाऱ्या. पाट सांभाळायची, बोकड विकायचा. १९७२च्या दुष्काळातही चार शेळ्या राखल्या म्हणून पोरं जगली, असं सासूबाई सांगत. माझ्या नवऱ्याचं कॉलेज बोकडांच्या पैशांतून झालं.

व्यापारी यायचा तो प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. तो आधी काही बोलत नाही. बोकडाच्या कमरेच्या मणक्यावर दोन्ही बाजूंनी बोटं रोवून दाबतो, मग मागच्या पायांमधून उचलून बघतो. एवढ्यावर त्याला वजनाचा अंदाज येतो. मग रुमालाखाली हात धरून भाव होतो. सासूबाई पैसे मोजून कमरेला लावायच्या, आणि बोकडाच्या गळ्यातलं दावं सोडून परत घ्यायच्या. दावं विकायचं नसतं. त्या रात्री त्या जेवायच्या, पण बोलायच्या नाहीत. हीच बाई जत्रेला मटण चवीने खायची. यात ढोंग होतं असं मला कधीही वाटलं नाही. ज्या जमिनीत वर्षभर पुरेल इतकी डाळ पिकत नाही तिथे माणूस झाडपाल्याचं अन्न शेळीकडून करून घेतो. ऊस आणि दूध असलेल्या बागायती गावातून त्याला अहिंसा शिकवायला जाऊ नये.

आणि तरीही, मी खाणार नाही हे मला कळलं ते त्याच अंगणात. आई मेलेलं एक करडू मी बाटलीने दूध पाजून वाढवलं. ते शाळेपर्यंत माझ्या मागे यायचं. ते गेलं, जिथे जायचं तिथे गेलं. घराला पैशांची गरज होती आणि मी अडवलं नाही. पण तेव्हापासून माझं न खाणं माळेमुळे राहिलं नाही. उद्या माळ नसती तरी मी मांस खाल्लं नसतं, इतकं ते पक्कं आहे. शाकाहाराचं माझं स्वतःचं कारण मला खाणाऱ्या घराने दिलं.

५. दुधाकडेही त्याच डोळ्यांनी बघावं

हे लिहायला मला सगळ्यात जड जातं. म्हैस व्याली आणि रेडी झाली तर घरात आनंद. रेडा झाला तर कुणी काही बोलत नाही. त्याला पान्हा सुटण्यापुरतं आचळाला लावतात आणि ओढून बाजूला बांधतात. तो खंगत जातो. मेला तर काही ठिकाणी त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवतात. ती चाटत राहते आणि दूध देते. मी हे लहानपणी माहेरीच पाहिलं, माळकऱ्याच्या गोठ्यात. त्या दुधाचा खवा एकादशीला आम्ही खाल्ला आहे.

ट्रॅक्टर आल्यापासून खोंडालाही कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात २०१५पासून गाईबरोबर बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हशी-रेड्यांना नाही. त्यामुळे जर्सीचे गोऱ्हे मोकाट फिरताना दिसतात आणि रेडे कुठे जातात ते सगळ्यांना ठाऊक असतं. दुधाचा धंदा आणि मांसाचा धंदा यांचा गोठा एकच आहे. औषधांचंही तसंच. कॅप्सूलचं टरफल बहुतेक वेळा जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेल्या जिलेटिनचं असतं आणि ड जीवनसत्त्वाची गोळी मेंढीच्या लोकरीतल्या चिकट मेणापासून बनवतात.

दूध मी सोडलेलं नाही. चहात घेते, ताक पिते. सोडलं तर या शरीराने आणि या गावात निभावणं मला कठीण आहे. लेक म्हणते, "मग तुझा शाकाहार अर्धवट आहे." आहे. पण अर्धवट असणं आणि व्यर्थ असणं एक नाही. माझ्यासाठी एकही बोकड दाव्यातून सुटून व्यापाऱ्याकडे जात नाही, याला माझ्या लेखी किंमत आहे.

६. मुलांच्या ताटात आपला नेम घालू नये

२०२३च्या नोव्हेंबरात सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्या मुलाला केळं. काही धार्मिक संघटनांचा विरोध होता; आमच्या माहेरच्या मंडळींनाही ते पटलं नव्हतं. आमच्या शाळेत मावशी अंडी उकडायच्या आणि सोलायला आम्ही बाया बसायचो. पहिलीतल्या मुलांना टरफल निघत नाही, पांढरं त्याच्याबरोबर तुटून येतं, म्हणून त्यांची मी सोलून द्यायची. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात अंडं. पहिल्या दिवशी एका पालकांनी ते बघून विचारलंसुद्धा, "बाई, तुम्हाला चालतं?" मी म्हटलं, मला खायचं नाही, यांना खायचं आहे.

दुसरीतली एक मुलगी पांढरा भाग खायची आणि पिवळा बलक पाटीमागे लपवून ठेवायची. विचारलं तर म्हणाली, "बारक्या भावाला." ऊसतोडीवरून परत आलेल्या घरातली पोर. तिच्यासमोर उभं राहून शाकाहाराचं श्रेष्ठत्व सांगणारा माणूस मला बघायचाच आहे. २०२५च्या जानेवारीत सरकारने अंड्यांसाठीचा निधी काढून घेतला आणि हवं असेल तर लोकसहभागातून द्या असं सांगितलं. आमच्या गावातला लोकसहभाग मंदिराच्या कळसाला होतो. अंडी बंद झाली. मी माळकरी आहे आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, संतापही येतो.

याच्या मुळाशी जातिव्यवस्था आहे, आणि ते न बोलता हा विषय पुरा होत नाही. २०१४च्या सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रात साठेक टक्के माणसं मांसाहारी आहेत. तरी शहरात 'फक्त शाकाहारींना' अशी घर भाड्याने देण्याची पाटी लागते, आणि तिचा रोख कुणावर असतो ते पाटी लावणाऱ्यालाही माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही. माझ्या वर्गात रविवारी काय जेवलात असं विचारलं की काही मुलं मोठ्याने "चिकन" सांगतात आणि काही गप्प होतात. एकाने कानाशी येऊन सांगितलं, "बाई, आमच्यात वजरी होती." कानाशी का सांगावं लागलं त्याला? शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजत होतं, टाकून दिलेल्या भागांतून माणसं कशी जगली, याची पाककृतींसकट नोंद त्यात आहे. ते वाचल्यावर मला माझ्या घरातल्या वेगळ्या पातेल्यांकडे पुन्हा बघावं लागलं. वारकरी पंथात चोखोबा आहेत, सोयराबाई आहेत. माळ सगळ्या जातींच्या गळ्यात आहे. त्याच माळेचा कुणी माणूस दूर ठेवण्यासाठी वापर केला तर तो आमच्याच संतांचा अपमान आहे. मी शाकाहारी राहणार असेन तर या अहंकाराशिवाय राहता येतं का, हाच माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. रोज थोडं थोडं जमतं असं वाटतं.

७. घरात आधी भांड्यांचं ठरवा

लेक पुण्यात नोकरी करते आणि चिकन खाते. ती आली की अंगणात नाही, माझ्याच गॅसवर शिजवते. कढई तिची, ओटा तिने पुसायचा, आणि त्या दिवशी भाकरी मी करायची. तत्त्वाचे वाद आम्ही जेवण झाल्यावर घालतो. ही व्यवस्था बसवायला जितकी भांडणं झाली तितकी अहिंसेवरून कधी झाली नाहीत.

८. शपथ असेल तर तिचा अर्थ आधी पक्का करावा

गांधीजींची गोष्ट मला इथे फार उपयोगी पडली. १८८८ साली विलायतेला जाण्याआधी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून आईपुढे शपथ घेववली: मद्य, मांस आणि परस्त्रीपासून दूर राहीन. त्या वेळी ते मनाने शाकाहारी नव्हते. हिंदी माणसांनी मांस खावं, स्वतःही कधीतरी मोकळेपणाने खावं, असंच त्यांना वाटत होतं. केवळ वचन म्हणून ते उपाशीपोटी राहत. मग लंडनमध्ये हेन्री सॉल्ट यांचं शाकाहाराची बाजू मांडणारं पुस्तक हाती आलं, आणि तेव्हापासून आपण विचाराने शाकाहारी झालो असं त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथल्या काही शाकाहारी मंडळींच्या मते अंडं मांसात मोडत नव्हतं. गांधीजी काही काळ अंडी खाऊ लागले. मग त्यांनी विचार केला की शपथ देणाऱ्या आईच्या मनात मांस म्हणजे काय होतं? तिच्या लेखी अंडं मांसच होतं. त्यांनी अंडी सोडली. पुढे त्यांनी दूध न घेण्याचीही शपथ घेतली, आणि १९१८-१९च्या मोठ्या आजारात कस्तुरबांच्या सांगण्यावरून बकरीचं दूध घेतलं. शपथ घेताना आपल्या मनात गाय-म्हैसच होती असं म्हणून घेतलं, आणि शब्द पाळला तरी शपथेचा आत्मा दुखावला ही सल त्यांनी लपवली नाही.

आता माझं. मांस न खाणं माझं आहे, ते शेळ्यांच्या अंगणात ठरलं. अंडं न खाणं मात्र आबांचं आहे. कोंबडी मारावी लागत नाही हे खरं, पण अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लांचं काय करतात तेही मला माहीत आहे; आणि त्या दुसरीतल्या मुलीच्या हातातला बलकही मी पाहिला आहे. दोन्ही बाजूंनी विचार करून मी आजवर एका टोकाला पोचलेली नाही. आबांना विचारलं असतं तर ते "नाही" म्हणाले असते, यात शंका नाही. म्हणून माळ आहे तोवर अंडं नाही, एवढं ठरलं आहे.

माझ्या धाकट्या आत्याला तरुणपणी क्षय झाला होता. डॉक्टरांनी अंडी खायला सांगितली. आत्या पंढरपूरला गेली, माळ काढून महाराजांच्या हातात दिली, आणि घरी येऊन सगळ्यांसमोर अंडं खाल्लं. आबांनी तिच्याशी अबोला धरला नाही. बरी झाल्यावर तिने पुन्हा माळ घातली. गोळी-इंजेक्शनांनी भागेनासं झालं तर मीही तसंच करीन. माळ गळ्यात ठेवून दाराआड खाणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं मात्र करणार नाही.